लष्करमधली गाण्याची खोली आणि फोमचे चौकोन

आमच्या घराच्या पहिल्या मजल्यावरची गाण्याची खोली १४ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १२ फूट उंच आहे. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, जुने. भिंती दगडाच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा, खाली दगडी फरशी आणि छतालाही वालुकाश्माच्या लांब पट्ट्या, ज्यांना ग्वाल्हेरमध्ये सगळे पटिया म्हणतात. म्हणजे खोलीला सहाही बाजूंनी दगड आहे. या खोलीत टाळी वाजवली की ती एकदा वाजून थांबत नसे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ती येरझारा घालत राही आणि तिच्या मागे एक बारीक, धातूचा वाटावा असा झरझराट ऐकू येई. अठरा वर्षे मी याच खोलीत गाणे शिकवत आले आणि इतकी वर्षे हा झरझराट माझ्या कधी लक्षातही आला नव्हता, कारण शिकवणीच्या वेळी सतरंजीवर सात-आठ मुले बसलेली असत आणि माणसांची अंगे, त्यांचे कपडे, हिवाळ्यातल्या शाली हे सगळे बराचसा आवाज पिऊन टाकत असे.

अडचण सुरू झाली ती दोन कारणांनी. एक तर शिकणारी काही मुले नोकरीनिमित्त पुण्याला आणि परदेशी गेली आणि त्यांची शिकवणी संगणकावरून सुरू झाली. त्या वेळी खोलीत मी एकटी असते. दुसरे कारण माझ्या दृष्टीने फार मोठे आहे. माझी आत्या आता ७८ वर्षांची आहे. तिचे शिक्षण माधव संगीत महाविद्यालयात झाले, जे १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केले. तिच्याजवळ बंदिशींच्या सहा वह्या आहेत आणि त्या सगळ्या भातखंडे स्वरलिपीत नीट लिहिलेल्या आहेत. परंतु कण कुठून घ्यायचा, मींड किती सावकाश उतरवायची, समेवर येताना शब्द किंचित मागे कसा ठेवायचा, हे वहीत उतरत नाही. ते तिच्या गळ्यातून ऐकूनच घ्यावे लागते, आणि म्हणून ते तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवावे असे मला वाटत होते.

पहिले रेकॉर्डिंग ऐकले तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. आमची ग्वाल्हेरची गायकी खुल्या आवाजाची. आत्या या वयातही आवाज दाबून गात नाही. मध्यलयीत ती सेकंदाला सात-आठ स्वरांची सपाट तान घेते, आणि रेकॉर्डिंगमध्ये मागचे स्वर विझायच्या आतच पुढचे स्वर त्यांच्यावर येऊन पडत होते. तानेतला दाणा, म्हणजे एकेका स्वराचा सुटेपणा, निघून गेला होता, उरला होता तो एक लांबलचक घुमारा. आत्याचा आवाज शुद्ध होता, दोष खोलीचा होता.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने खोलीचे मोजमाप करायचे सुचवले. आम्ही फुगे फोडले, प्रत्येक फुग्याचा आवाज रेकॉर्ड केला आणि तो ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत उघडून आलेखावर पाहिला. आवाज ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो त्याला निनादकाल म्हणतात. घरात पूर्ण ६० डेसिबलची उतरण मिळत नाही, कारण त्याआधीच पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज मध्ये येतो. म्हणून ३० डेसिबलची उतरण मोजून ती दुप्पट करायची. आमचा आकडा निघाला सुमारे १.६ सेकंद. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी छोट्या खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्याही आत असावा लागतो. गाण्याला थोडा अधिक चालतो, पण १.६ सेकंद ही लहान खोलीत फार मोठी गोष्ट आहे.

त्यानंतर मी जे केले ते घाईने केले. शहरातल्याच एका दुकानातून फोमचे ४८ चौकोन आणले. प्रत्येक एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड, वर पिरॅमिडसारखे उंचवटे. दुकानदाराने सांगितले, “इसके बाद बाहर की एक आवाज़ अंदर नहीं आएगी।” हे वाक्य फोम विकणारे अनेक जण सांगतात आणि घेणारेही त्यावर विश्वास ठेवतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. आवाज भिंतीतून पलीकडे जाऊ न देणे हे वजनाचे काम आहे. भिंत जितकी जड तितकी ती आवाजाच्या धक्क्याने कमी हलते. ढोबळ नियम असा की वजन दुप्पट झाले तर अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते. मी फोमचा एक चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तेव्हा तो साठ ग्रॅम भरला. आमच्या दीड फूट जाडीच्या दगडी भिंतीचा तेवढाच एक चौरस फुटाचा भाग नव्वद किलोच्या पुढे जाईल. ज्या भिंतीत नव्वद किलो दगड आहे, तिच्यावर साठ ग्रॅम चिकटवून बाहेरच्या आवाजात काय फरक पडणार? आणि मुळात बाहेरचा आवाज भिंतीतून येतच नव्हता. तो येत होता दाराखालच्या पाऊण इंचाच्या फटीतून आणि खिडकीच्या जुन्या लाकडी झडपांमधून. तिथे रबरी पट्टी लावली, दाराला खाली ब्रशची पट्टी ठोकून घेतली आणि त्या थोड्याशा खर्चात जो फरक पडला तो अख्ख्या फोमने पडला नव्हता. उरलेल्या आवाजावर उपाय म्हणजे पहाटेची वेळ. गल्लीतून वरात जाणार असेल तर त्या संध्याकाळी रेकॉर्डिंग करायचे नाही, हे सरळ मान्य करावे.

फोमचे खरे काम वेगळे आहे. खोलीच्या आत निर्माण झालेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, ते परत येणे तो कमी करतो. फोमच्या बारीक, एकमेकींना जोडलेल्या छिद्रांतून हवा मागेपुढे सरकते, घर्षण होते आणि आवाजाच्या ऊर्जेचा काही भाग अत्यल्प उष्णतेत बदलून जातो. घासण्यासाठी हवा हलायला हवी हे यात मुख्य आहे, आणि भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलू शकत नाही, कारण पुढे दगड आहे. ती सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीच्या अंतरावर. माझा षड्ज पेटीवरच्या काळी चारचा, म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. त्याची तरंगलांबी सुमारे १६५ सेंटीमीटर आणि तिचा पाव हिस्सा ४१ सेंटीमीटर, म्हणजे सोळा इंच. माझा फोम एक इंचाचा होता. त्याचा उपयोग होणार तो ३,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर. षड्जाच्या मूळ कंपनाला तो जवळजवळ नसल्यासारखाच.

हे गणित मी आधी केले असते तर पुढचा अनुभव टळला असता. चौकोन लावून झाल्यावर पुन्हा फुगे फोडले. वरच्या पट्टीतला, म्हणजे उंच स्वरांचा, निनाद १.६ वरून ०.९ सेकंदावर आला होता आणि खालचा मात्र १.५ वर तसाच उभा होता. कानाला याचा जो परिणाम जाणवला तो आकड्यांपेक्षा वाईट होता. तंबोरा छेडला आणि जवारी गेली होती. जवारी म्हणजे घोडीवर दोऱ्याच्या नेमक्या जागेमुळे तारेतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांची ती लखलखीत पालवी. ती सगळी वरच्या पट्टीत असते आणि पातळ फोम नेमके तेच खातो. उलट खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार पूर्वीइतकीच घुमत होती, किंबहुना वरचे स्वर गेल्यामुळे ती अधिकच बोजड वाटत होती. आत्याने दोन मिनिटे तंबोरा छेडला, खाली ठेवला आणि म्हणाली, “अगं, हा गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतोय.” तिने एवढेच म्हटले आणि ते तंतोतंत खरे होते.

पाकिटावर एनआरसी नावाचा शोषणाचा आकडा छापलेला असतो, आणि तो पाहून समाधान मानू नये असे मी सर्वांना सांगते. हा आकडा २५०, ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या शोषणाची सरासरी आहे. २५० च्या खाली काय होते हे त्यात येतच नाही, आणि पुरुषांचा षड्ज, तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याचा घुमारा हे सगळे त्याच्या खालीच आहेत. शक्य असेल तर प्रत्येक वारंवारतेचा वेगळा तक्ता मागावा आणि १२५ हर्ट्झचा रकाना आधी पाहावा.

मे महिन्यात दुसरा प्रसंग घडला. चौकोन मी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने आणि फवाऱ्याच्या गोंदाने थेट भिंतीवर लावले होते. ग्वाल्हेरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास. वरच्या मजल्यावरची खोली दुपारभर तापते. एका रात्री पाठोपाठ चौकोन गळून पडले आणि प्रत्येकाबरोबर चुन्याच्या सफेदीचा पापुद्राही सोलून आला, काही ठिकाणी आतला गिलावासुद्धा. चिकटपट्टी गिलाव्याला धरत नाही, ती सफेदीच्या सर्वांत वरच्या भुकटीसारख्या थराला धरते, आणि तो थर तर बोटाने पुसला तरी निघतो. सकाळी सासूबाईंनी भिंत पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या भिंतीला त्यांनी लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी दिवाळीआधी स्वतः उभे राहून सफेदी करून घेतलेली आहे, आणि ते मला माहीत असताना मी हे केले याची खंत मला अजून आहे. चुन्याच्या भिंतीवर काहीही चिकटवू नये. खिळा किंवा स्क्रू परवडतो. त्याचे भोक पुढे बुजवता येते.

गळून पडलेल्या चौकोनांतला एक तुकडा कापून मी अंगणात नेला, सांडशीत धरला आणि काडी लावली. पाकिटावर आगरोधक असे लिहिलेले होते. तुकडा भराभर पेटला, काळा धूर निघाला आणि जळते थेंब फरशीवर गळले. काडी बाजूला केल्यावरही तो विझला नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर गाण्याच्या खोलीतली समई आली. गुरुपौर्णिमेला आणि वसंत पंचमीला आम्ही तंबोऱ्यापुढे समई लावतो, उदबत्ती तर रोजचीच. जानेवारीच्या थंडीत खोलीत हीटरही असतो. पॉलियुरेथेनचा फोम जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो आणि बंद खोलीत माणूस ज्वाळांच्या आधी धुराने कोसळतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये स्टेशन नावाच्या नाइटक्लबमध्ये मंचावरच्या फटाक्यांच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसे गेली. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधल्या सांता मारिया इथे किस नाइटक्लबमध्ये छताच्या फोमने पेट घेतला आणि २४२ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतेक तरुण विद्यार्थी होते. या दोन्ही ठिकाणी फोम आवाजासाठीच लावलेला होता. ज्या खोलीत मुले बसतात तिथे हा विषय आवाजाच्याही आधीचा आहे. ते ४८ चौकोन मी त्याच दिवशी खोलीतून बाहेर काढले. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून एक तुकडा मागून घेऊन उघड्यावर, पाण्याची बादली जवळ ठेवून अशी परीक्षा जरूर करावी. जो फोम ज्योत दूर करताच आपोआप विझतो तोच घ्यावा, आणि तोही समई, हीटर व विजेच्या बोर्डांपासून दूर लावावा. आमच्याकडे समई आता बाहेरच्या दालनात लागते.

पावसाळाभर मी वाचत राहिले. ज्यांनी या शास्त्राचा पाया घातला त्या वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांची हकिगत मला फार धीर देऊन गेली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि तिथे बोललेले काहीच कळेना. शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिन तेव्हा भौतिकशास्त्राचे तरुण अध्यापक होते. त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडत गेले, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद केली आणि आवाज विझेपर्यंतचा वेळ घड्याळाने, केवळ कानाच्या भरवशावर मोजला. सकाळ व्हायच्या आत गाद्या पुन्हा जागेवर ठेवाव्या लागत. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरतात: खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे, म्हणजे निनादकाल मिळतो. आमच्या खोलीचे घनफळ सुमारे ५२ घनमीटर. १.६ सेकंदांचा अर्थ असा की खोलीत शोषण होते जेमतेम सव्वापाच चौरस मीटरचे. ते ०.६ सेकंदांवर आणायचे तर चौदा चौरस मीटर हवे, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ चौरस मीटरची, साधारण ९५ चौरस फुटांची भर घालायला हवी, आणि तीही अशा जाड मालाची जो खालच्या पट्टीतही काम करील. गाद्यांवरून आठवले म्हणून सांगते: अंड्यांचे ट्रे लावणाऱ्यांनी तो उद्योग करू नये. त्यांचा आकार फोमसारखा दिसतो, पण पुठ्ठ्याला जाडीही नाही आणि हवा खेळेल अशी छिद्रेही नाहीत. त्यापेक्षा घरातली जुनी कापसाची रजई भिंतीपासून चार बोटे पुढे दोरीवर टांगली तर ती कितीतरी अधिक आवाज शोषते.

दिवाळीनंतर दुसरी खेप केली. या वेळी दोन इंच जाडीचे २४ चौकोन घेतले, आगीची परीक्षा झाल्यावरच. असा फोम दाबून, हवा काढून बांधलेला येतो आणि पाकिटातून निघतो तेव्हा पापडासारखा चपटा असतो. तो दोन दिवस मोकळा पसरून ठेवावा, आणि तरीही कोपरे दबलेले राहिले तर किंचित ओला करून पिळून वाळवावा, म्हणजे फुगून मूळ जाडीला येतो. भिंतीला चिकटवायचे नाही हे ठरलेलेच होते, म्हणून मी आधी चौकोन सनबोर्डवर, म्हणजे ताठ प्लास्टिकच्या पाट्यांवर, चिकटवून ते बोर्ड भिंतीपासून दोन इंच पुढे टांगले. भिंतीपासूनच्या अंतरामुळे खालच्या पट्टीत फायदा होतो असे वाचले होते, परंतु मोजून पाहिले तर फायदा काहीच नव्हता. कारण लक्षात यायला एक संध्याकाळ गेली: सनबोर्डमधून हवा जात नाही, त्यामुळे फोमपुरती भिंत दगडाऐवजी बोर्डाचीच झाली होती आणि मागची दोन इंचांची पोकळी वाया गेली होती. मग मिस्त्रीकडून तीन फूट बाय दोन फुटांच्या चार लाकडी चौकटी करून घेतल्या, त्यांवर खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी ताणून बसवली आणि प्रत्येक जाळीवर सहा चौकोन दाभणाने जाड दोरा घालून चारी कोपऱ्यांना शिवले. हे शिवणकाम सासूबाईंनी केले. गोधड्या शिवलेल्या हातांना फोम किती ओढायचा आणि टाका कुठे सैल ठेवायचा हे सांगावे लागले नाही. माझ्या हातून दोन चौकोन फाटले, त्यांच्या हातून एकही नाही.

मुख्य काम मात्र फोमवर सोपवले नाही. त्यासाठी रॉकवूल घेतले, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची पाटी, जी जळत नाही. दोन-दोन इंचांच्या दोन पाट्या एकावर एक ठेवून चार इंच जाडीची, चार फूट बाय दोन फुटांची आठ पॅनेल तयार केली. हे तंतू त्वचेला खाजतात आणि श्वासातून आत जाऊ नयेत, म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क हवाच, आणि पाटी आधी पातळ न विणलेल्या कापडात गुंडाळून मग त्यावर खादी चढवावी. कापड निवडताना ते तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडच्या तळव्याला फुंकर लागली तर ते चालते. खादीच घ्यायची हा माझा हट्ट होता. आपल्या ग्वाल्हेरच्या खादी संघात राष्ट्रध्वजाचे कापड विणले जाते, आणि आत्याच्या गाण्यामागे त्याच गावची खादी असावी असे वाटले.

आता जागा. बहुतेक जण माइकच्या मागच्या भिंतीवर फोम लावतात, कारण तिथे तो शोभतो. आमचा माइक कार्डिऑइड जातीचा आहे. तो समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे टाळतो. म्हणजे त्याचे तोंड गाणाऱ्याकडे आणि गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे असते. त्यामुळे पहिला मान गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीचा. फोमच्या दोन चौकटी आम्ही तिथे लावल्या. बाजूच्या भिंतींसाठी आरशाची युक्ती आहे: गायकाने आपल्या जागी बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा आणि ज्या ठिकाणी गायकाला आरशात माइक दिसेल तिथे खूण करावी, कारण आवाजाचा पहिला उसळता किरण तिथूनच माइककडे जातो. त्या खुणांवर एका बाजूला रॉकवूलची दोन पॅनेल आणि दुसऱ्या बाजूला फोमच्या उरलेल्या दोन चौकटी लागल्या. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत रॉकवूलची दोन-दोन पॅनेल एकावर एक तिरकी उभी केली, म्हणजे त्यांच्या मागे त्रिकोणी पोकळी राहते. खालचे स्वर कोपऱ्यांत साचतात. उरलेली दोन पॅनेल छताला हवी होती. पटियांना भोक पाडणे मला मान्य नव्हते, मिस्त्रीलाही नाही; दगडाची पट्टी कुठून चिरेल ते सांगता येत नाही. पण छतात जुन्या झोपाळ्याच्या चार लोखंडी कड्या आहेत. त्यांना साखळ्या लावून दोन्ही पॅनेल एकत्र, गाणाऱ्याच्या डोक्यावर आठ फुटांवर टांगली. एकेक पॅनेल साधारण सात किलोचे. ज्या कड्यांनी दोन मोठी माणसे झुलवली त्यांना हे काही जड नाही, तरीही प्रत्येक कडी आधी ओढून, लोंबकळून पाहिली.

पुन्हा मोजले तेव्हा वरच्या पट्टीत ०.६ आणि खाली ०.९ च्या किंचित आत असे आकडे आले. जवारी परत आली. परंतु खर्ज अजूनही एका विशिष्ट तऱ्हेने फुगत होता, आणि हे चारही तारांत फक्त त्या एका तारेला होत होते. माझ्या तंबोऱ्याचा खर्ज म्हणजे षड्जाच्या निम्मा, १०४ हर्ट्झ. खोलीची रुंदी ११ फूट, म्हणजे ३.३५ मीटर. दोन समांतर भिंतींमध्ये आवाजाच्या वेगाला रुंदीच्या दुपटीने भागले की खोलीचा पहिला स्थिर स्वर मिळतो; तो इथे ५२ हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याची दुप्पट येते १०४. म्हणजे या खोलीचा स्वतःचा एक स्वर आहे आणि तो माझ्या तंबोऱ्याच्या खर्जाशी जुळतो. अठरा वर्षे मी या खोलीत बसून म्हणत आले की इथे तंबोरा फार भरून लागतो. त्या भरण्याचे कारण भिंतींमधले अंतर होते हे कळले तेव्हा मी वहीतले ते गणित तीनदा तपासले. अशा स्वराचा दाब भिंतींपाशी आणि बरोबर मधोमध सर्वांत जास्त असतो, आणि आम्ही बैठक नेहमी खोलीच्या मधोमध घालत होतो. रुंदीच्या पाव हिश्श्यावर, म्हणजे भिंतीपासून २ फूट ९ इंचांवर तो जवळजवळ शून्य होतो. बैठक, तंबोरा आणि माइक तिथे सरकवले. काहीही विकत न आणता, काहीही न ठोकता खर्ज जागेवर बसला. ज्यांचा षड्ज वेगळा किंवा खोली वेगळी, त्यांचे अंतर वेगळे निघेल. पण टेप आणि कागद घेऊन दहा मिनिटांत ते काढता येते आणि फोमवर पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी ते काढावे.

निगेबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात धुळीची वादळे येतात. फोमवर झाडू फिरवला तर धूळ आत बसते आणि फोमची टोके तुटतात, म्हणून महिन्यातून एकदा मऊ ब्रशने आणि कमी ओढीच्या व्हॅक्यूमने साफ करते. ऊन थेट पडले तर फोम पिवळा पडून काही वर्षांनी भुगा होऊ लागतो, त्यामुळे खिडकीसमोर त्याला जागा दिलेली नाही. चौकटी हुकांवर आहेत, सफेदीच्या वेळी उतरवता येतात, आणि या दिवाळीआधी त्या उतरवून सासूबाईंनी भिंती पुन्हा नीट करून घ्यायच्या असे ठरले आहे.

डिसेंबरमध्ये, तानसेन समारोहाच्या दिवसांत, आत्या चार दिवस आमच्याकडे राहायला आली. पहाटे पाचला आम्ही रेकॉर्डिंग करत असू. पहिल्या दिवशी ती बसली, खोलीभर नजर फिरवली आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बोट करून म्हणाली, “तिथे मात्र काही लावू नकोस. आवाज थोडा तरी परत येऊ दे, नाहीतर मी जोर लावत बसेन आणि गळा दुखेल.” ती भिंत माइकच्या पाठीमागची होती, जिच्यावरून परतणारा आवाज माइकला फारसा ऐकू येत नाही, तिथे काही लावायचा विचारही नव्हता, आणि आता तर ती तशीच राहील. चार पहाटेंत अकरा बंदिशी झाल्या. भूप रागातल्या तानेचा एकेक दाणा सुटा ऐकू येतो आणि दोन तानांच्या मधल्या श्वासात तंबोऱ्याची जवारीही. फरशीवर भिंतीपासून २ फूट ९ इंचांवर मी पांढऱ्या रंगाचा एक लहान ठिपका काढून ठेवला आहे. आत्या आली की काठी टेकवून आधी तो ठिपका शोधते, त्यावर आसन सारखे करते आणि मग तंबोरा जुळवायला घेते.